सुतकाच्या घरातली कॉलर ट्यून

मी गाणी विकायचे. असं सांगितलं की लोक आधी माझ्या गळ्याकडं बघायचे आणि मग विचारायचे, "म्हणजे तू गाती का?" मी गात नाही. मी गायला लागले तर परतूरची कुत्रीसुद्धा रस्ता बदलतील. मी दुसऱ्यांची गाणी विकायचे आणि चांगली विकायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझं कौतुक करण्यासारखं काही नाही.

वडील शाळामास्तर, घर परतूरला. घरात करमणुकीची वस्तू एकच, रेडिओ. पण गल्लीत कुणी वारलं की वडील तो बंद करून त्यावर टॉवेल टाकायचे. आपल्या घरातलं माणूस असो की चार घरं सोडून, तेरावं होईपर्यंत टॉवेल निघायचा नाही. मी रडून गोंधळ घालायचे, कारण क्रिकेटची कॉमेंट्री बुडायची. वडील म्हणायचे, "त्यांच्या घरात रडू आहे आणि आपल्या घरातून गाणं गेलं तर त्यांना कसं वाटंल?" तेवढंच. समजावून सांगायचा त्यांना कंटाळा नव्हता, पण या गोष्टीत समजावण्यासारखं काही आहे असंच त्यांना वाटायचं नाही.

जालन्याला बी.कॉम. करता करता मी एका कॅसेटच्या एजन्सीत लागले. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, सीडीही गेल्या आणि मालकानं त्याच गाळ्यात बियाण्याचं दुकान टाकलं. मग औरंगाबादला नव्यानं सुरू झालेल्या एका एफएम रेडिओसाठी मी जालन्यात जाहिराती विकायला लागले. आमच्या स्टेशनचा आवाज जालन्यापर्यंत यायचा, पण कुंथत यायचा. दुकानदाराला जाहिरात विकायची तर त्याच्या दुकानात स्टेशन नेमकं कुठं लागतं ते आधी हुडकावं लागायचं. एका कापडवाल्याकडं ते फक्त कपडे घालून बघायच्या खोलीच्या दाराशी लागायचं. मी त्याला तिथं उभं केलं, रेडिओ ऐकवला आणि तीन महिन्यांच्या जाहिराती विकून आले. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही दगडालाबी टॉवर म्हणून विकाल." मला ते कौतुक वाटलं. त्या वयात वाटतं.

पुढं त्याच लोकांनी मोबाईलवरच्या गाण्यांची कंपनी काढली. मुख्य ऑफिस पुण्याला. माझ्या कार्डावर 'डिजिटल म्युझिक अँड रेडिओ मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह' असं लांबलचक छापून आलं आणि खाली 'जालना जिल्हा'. परतूर, मंठा, आष्टी, सगळीकडं मी स्कुटीवरून फिरायचे. माल एकच, कॉलर ट्यून. तुम्ही कुणाला फोन लावला की तो उचलेपर्यंत नुसती घंटी ऐकू यायची ना, तिच्या जागी गाणं ऐकू येणार. गंमत अशी की ज्याच्या नंबरवर गाणं लावलंय त्याला स्वतःला ते कधीच ऐकू येत नाही. ते ऐकतो फोन करणारा. हे जरा ध्यानात ठेवा, सगळा घोळ यातच आहे.

लगीनसराई आली की पुण्याहून फर्मान यायचं. या वेळी वरातीच्या बँडचं नवं गाणं होतं, पहिला महिना फुकट, गिऱ्हाईकाचा होकार घ्यायचा, नंबर यादीत टाकायचा आणि शनिवारी दुपारपर्यंत यादी पुण्याला धाडायची. होकार घ्यायचा हा नियम होता. आता नियम काय, आमच्यातला एकही जण तो पाळत नव्हता. यादी कमी पडली की प्रत्येक एक्झिक्युटिव्ह आपलेच नातेवाईक भरायचा. मामा, मावशा, चुलतभाऊ, त्यांचे सासरे. महिन्यानं गाणं आपोआप निघून जायचं, कुणाला पत्ता लागायचा नाही. जालन्यातल्या निम्म्या कॉलर ट्यूना आमच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या फोनवर वाजत होत्या असं म्हटलं तर मोठ्ठं खोटं होणार नाही.

त्या शनिवारी मी परतूरच्या सायबर कॅफेत बसले होते. यादीत अकरा नंबर कमी. पुण्याच्या मॅडमचा, म्हणजे माझ्या बॉसचा, दोनदा फोन येऊन गेलेला. मी आपल्या फोनमधली नावं खालवर केली आणि अकरा नंबर टाकले. त्यात एक आष्टीचा होता, माझ्या ताईच्या सासऱ्यांचा. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचे.

आबांचं आणि माझं चांगलं होतं. मी स्कुटीवरून एकटी गावोगाव फिरणार म्हटल्यावर माझ्या वडिलांचं मन मागं-पुढं करत होतं, तेव्हा आबाच म्हणाले होते, "मास्तर, करू द्या. पोरगी बोलती बराबर, कुणाला भीत न्हाई." पण घरच्या सुनेचा विषय आला की हाच माणूस दगड व्हायचा. ताईला ओसरीत चार मशिनी मांडून शिवणाचा क्लास काढायचा होता. आबा म्हणाले, "आमच्या ओसरीत बाजार भरायचा न्हाई." ताई माझीच बहीण. तिनंही तोंड बंद केलं. दीड महिना झाला, ती ताट वाढायची, ते जेवायचे, एकमेकांशी अवाक्षर नाही. दाजी, म्हणजे तिचा नवरा, दोघांच्या मधे अडकलेला. आष्टीसारख्या गावात असली गोष्ट चार भिंतीत राहत नसते. सून सासऱ्याशी बोलत नाही, हे पार मंठ्याच्या पाहुण्यांपर्यंत पोचलं होतं.

आणि मंगळवारी सकाळी आबा गेले. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि बाजेवर आडवे झाले ते झालेच. मी मंठ्यात एका मोबाईलच्या दुकानात होते. ताईचा फोन आला. तिला रडता येत नव्हतं. ती म्हणाली, "मला बोलायचं होतं गं त्यांच्याशी. मी आज बोलणार होते." मी स्कुटी तशीच आष्टीकडं वळवली.

सुतकाचं घर कसं असतं ते सांगायला नको. टीव्हीवर चादर पडली. चूल पेटली नाही, शेजारची भाकरी आणि पिठलं येत होतं. भिंतीवर तासातासाला टिणटिण वाजणारं घड्याळ होतं, शेजारच्या काकूंनी खुर्चीवर चढून त्याचे सेल काढले. दाजींनी आबांचा मोबाईल स्वतःच्या बंडीच्या खिशात ठेवला, आवाज बंद करून, नुसता थरथरेल असा. सगळ्या सोयऱ्यांकडं घरचा नंबर म्हणून आबांचाच नंबर होता. बाहेरगावचे लोक त्याच्यावरच फोन करणार, म्हणून तो चालू ठेवणं भाग होतं. मी हे सगळं बघत होते आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. यादी पाठवली की ती माझ्या डोक्यातून पुसली जायची. आज याची लाज वाटते, पण तेव्हा ते तसंच होतं.

गुरुवारी तिसरा दिवस. पुरुष माणसं सकाळी राख सावडून आली, आंघोळी झाल्या आणि ओसरीत सगळे टेकले. मी दाराच्या आत बायकांमध्ये बसले होते. दाजींचा खिसा थरथरला. त्यांनी फोन काढेपर्यंत तो बंद झाला. परत थरथरला, परत बंद. असं पाच-सहा वेळा झालं. दाजी शेजारच्या चुलत्याला म्हणाले, "काका, लोक फोन लावून कट का करून राह्यले?"

"रेंज नसंल."

"रेंज हाय की. आन् मी उलटा लावला तर म्हणतात, काही न्हाई, चुकून लागला. मावसभाऊबी तेच म्हणला. चुकून कसा लागंल?"

या धंद्यातल्या माणसाला ते ऐकून कळायला वेळ लागत नाही. कुणी फोन लावून लगेच ठेवतो तो कशामुळं? पलीकडं भलतंच काही ऐकू आलं म्हणून. आपण चुकीचा नंबर लावला असं वाटलं म्हणून. मी उठले, मागच्या गोठ्याकडं गेले आणि माझ्या फोनवरून आबांचा नंबर लावला.

ताशा. मग पिपाण्या. मग पूर्ण बँड, आणि मधे कुणाची तरी लांबलचक शिट्टी. आबांच्या नंबरवर वरात निघाली होती. भेटायला येऊ न शकणारा जो कुणी सकाळपासून दोन शब्द बोलायला फोन करत होता, त्याच्या कानात हे वाजत होतं. मी कट केला.

पुण्याला फोन लावला. गाणी लावण्या-काढण्याचं काम बघणारा माणूस म्हणाला, "मॅडम, यादी कालच्या लॉटमध्ये लागली. आता आमच्याकडून काढायचं तर बहात्तर तास."

"अरे, त्या माणसाचं सुतक चालू आहे."

"सॉरी मॅडम. त्याच नंबरवरून बंदचा मेसेज पाठवला तर कधी कधी लवकर निघतं."

कधी कधी. त्या शब्दावर मला त्याचं डोकं फोडावंसं वाटलं, पण त्याचा काय दोष? यादी मी दिली होती.

म्हणजे आता आबांचा फोन हातात पाहिजे. तो दाजींच्या खिशात आणि दाजी पुरुषांच्या मधे, डोकं भादरून, घोंगडीवर बसलेले. सुनेच्या बहिणीनं तिथं जाऊन मेलेल्या माणसाचा फोन मागायचा, कशासाठी ते सांगायचं, आणि खिसा तर दर पाच मिनिटांनी थरथरतोय. मी ताईला आत बोलावलं.

"आबांचा फोन जरा दाजींकडून आण."

"कशाला?"

इथं मला खरं बोलता आलं असतं. ती माझी बहीण होती, खोली रिकामी होती. पण माझी जीभ धंद्यात तयार झालेली. ती आपोआप चालली. "जालन्याच्या डॉक्टरचा नंबर त्यात आहे. मृत्यूच्या दाखल्याला लागंल."

ताई गेली. तिनं ओसरीच्या दारातून हात पुढं केला, दाजींनी फोन दिला, आणि तिथं बसलेल्या सगळ्यांनी ते पाहिलं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. मी बंदचा मेसेज पाठवला. उत्तर आलं, आपली विनंती मिळाली, बहात्तर तासांत सेवा बंद होईल. म्हणजे तेच. तोवर फोन हातात दोनदा थरथरला. एकदा परभणीचा नंबर होता. मला काही सुचेना. मी फोन बंद करून टाकला आणि ताईच्या हातात दिला. "उशीखाली ठेव. दाजींना सांग, बॅटरी गेली."

ताईनं तसंच सांगितलं. तिला माझ्यावर शंका घ्यायची सवय नव्हती.

दुपारभर मी त्या उशीकडं बघत बसले. फोन बंद आहे, कुणाला काही ऐकू येणार नाही, तीन दिवस कसेही निभतील, उद्या काहीतरी दुसरं कारण काढू, असं मनात रचत होते. हिशोब बराबर होता, फक्त एका माणसाचा विसर पडला होता.

चार वाजता काळीपिवळी जीप दारात थांबली आणि आबांची थोरली बहीण उतरली. परभणीच्या आत्याबाई. पाय सुजलेला, हातात पिशवी, घामानं भिजलेल्या. पाय धरल्यामुळं मातीला येता आलं नव्हतं, म्हणून तिसऱ्याला आल्या होत्या. आधी रडणं झालं. बायकांनी त्यांना धरून बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्या दाजींना म्हणाल्या, "फोन कुणाकडं हाय रे?"

"आत हाय आत्या. बॅटरी गेल्ती."

"सकाळी पोरीच्या फोनवरून लावला तर बँड वाजला. म्या म्हणलं, लागला कुणा लग्नघरी. परत लावला तर परत बँड. परतूरच्या टेसनावर उतरून लावला, म्हणलं न्यायला गाडी धाडा, तर बंद. दोन घंटे बाकड्यावर बसले मी. माझा भाऊ गेला आन् मला न्यायला कुणी न्हाई."

दाजी आत गेले, उशीखालून फोन काढला आणि चालू केला. "बॅटरी तर भरलेली हाय," ते म्हणाले. अगदी साधेपणानं म्हणाले, आणि ताईकडं पाहिलं.

ओसरीतल्या चुलत्याला काय वाटलं कुणास ठाऊक. त्यानं आपल्या फोनवरून आबांचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. त्या घरात, जिथं घड्याळाचे सेल काढून ठेवले होते, तिथं बँड वाजला. ताशा, पिपाण्या, शिट्टी, सगळं. त्याला बंद करायचं बटण पटकन सापडेना. एक म्हातारी बाई कानावर हात ठेवून उठून गेली.

बँड थांबल्यावर आत्याबाई ताईकडं वळल्या. आवाज चढवला नाही. "सासरा बोलत नव्हता म्हणून त्याची वरात काढली व्हय तू?"

ताईला प्रश्नच कळला नव्हता. तिच्या फोनला साधं गाणं नव्हतं, कॉलर ट्यून म्हणजे काय हे तिला माझ्या बडबडीतून जेवढं ठाऊक होतं तेवढंच. ती माझ्याकडं पाहायला लागली. सगळ्यांनाच माहीत होतं माझं काम काय ते. दाजीही माझ्याकडं पाहायला लागले.

मी म्हणाले, "कंपनीची चूक असंल. होतं असं कधी कधी. आपोआप लागतं."

"कंपनीला काय माहीत या घरचा नंबर?" चुलता म्हणाला. "आन् आपोआप लागलं, मंग बंद करून उशीखाली कुणी लपवला? सकाळी फोन कुणी मागून नेला, आम्ही समदे हितंच होतो."

मला अजूनही ते क्षण आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तोंड उघडायला काय जात होतं? दोन वाक्यं होती. पण त्याच वेळी माझ्या डोक्यात पुण्याच्या मॅडमचं बोलणं घुमत होतं. मागच्या महिन्यात बीडच्या एकाची तक्रार आली होती, होकार न घेता गाणं लावलं म्हणून. तो दुसऱ्या दिवशी घरी बसला. आठ वर्षं मी या कामात घासली होती.

आत्याबाई म्हणाल्या, "दहाव्याच्या पिंडाचा भात हिच्या हातचा न्हाई. चुलतीला सांगा."

म्हणजे सगळ्या भावकीसमोर, घाटावर, घरची एकुलती सून बाजूला उभी राहणार आणि तिच्या सासऱ्याचा शेवटचा घास दुसरीच बाई शिजवणार. आष्टीत यानंतर ताईच्या नावापुढं हीच गोष्ट लागणार, जन्मभर. दाजींनी फोन परत खिशात घातला. ताईनं पदर सारखा केला आणि ती आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली.

मी तिच्याजवळ गेले. ती हळूच म्हणाली, "तू या कामातली हाईस. खरं सांग. तुला बिलकुल माहीत न्हाई का गं, हे कसं झालं?"

"न्हाई," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. तिला पटलं. मी कापडवाल्यांना, बियाणेवाल्यांना, सगळ्यांना पटवत आले होते, पण इतकं सहज कुणाला पटलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी काम आहे सांगून मी परतूरला निघून आले. काम कसलं डोंबलाचं. शनिवारची नवी यादी करायची होती. मी मंठ्याला गेले, परत आले, दुकानांत बसले, हसले, बोलले. मॅडमना फोनवर आडून विचारलं, समजा सुतकाच्या घरात गाणं लागलं तर? त्या म्हणाल्या, "तोंडी आलं तर सॉरी म्हणायचं. लेखी आलं तर ज्याची यादी, तो घरी. का गं, तुझ्याकडं आहे का काही?" मी म्हणाले, नाही. तीन दिवसांत माझ्या तोंडातून 'नाही' हा एकच शब्द धडपणे निघत होता.

घरी वडील विचारायचे, आष्टीला कधी जाणार? त्यांच्यापर्यंत गोष्ट आली होती. एकदा जेवताना म्हणाले, "पोरगी रागीट असंल, पण असलं करायची न्हाई ती." मी ताट सरकवून उठले आणि त्यांच्यावरच ओरडले, "मग तसं जाऊन सांगा ना तिथं!" मी चिडले की माझीच चूक असते, हे माझ्या घरच्यांना आधीपासून माहीत असायला पाहिजे होतं.

रोज मी आबांचा नंबर लावून बघायचे. रविवारी बँड गेला. नुसती घंटी वाजली. दाजींनी उचलला, "हॅलो" म्हणाले, आणि मी फोन ठेवून दिला. गाणं निघालं, पण ताईवरचं काही निघालं नव्हतं.

दहाव्याला मी सकाळीच आष्टीला पोचले. वडील बरोबर होते. अंगणात भावकी जमली होती, घाटावर न्यायचं सामान मांडत होते. चुलती चुलीपुढं बसून तांदूळ निवडत होती. ताई चुलीपासून चार हात लांब, उंबऱ्याच्या बाहेर, रिकाम्या हातानं बसली होती. दहा दिवसांत ती निम्मी झाली होती. मला बघून ती किंचित हसली. वडिलांना पाणी द्यायला म्हणून उठली, आणि मग चुलतीकडं पाहून परत खाली बसली. आपण घागरीला हात लावायचा की नाही, हे तिला तिच्याच घरात कळत नव्हतं.

ते बघितलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणावर? दुसऱ्या कुणावर जायला जागाच नव्हती.

मी चप्पल काढली आणि ओसरीत जाऊन आत्याबाईंच्या पुढं उभी राहिले. "आत्याबाई, फोनवर बँड मी लावला."

सामान मांडणारे दोघं-तिघं ओसरीकडं आले.

"आबा गेले त्याच्या आधीच्या शनिवारी. न विचारता त्यांचा नंबर मी यादीत टाकला. तिसऱ्याला मीच ताईला फोन आणायला सांगितला, खोटं कारण सांगून. मीच बंद केला. बॅटरी गेली हे पण मीच तिला बोलायला लावलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. आजसुद्धा, आत्तापर्यंत माहीत नव्हतं."

माझे वडील अंगणात उभे होते. त्यांच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. चुलता काहीतरी बोलायला लागला, आत्याबाईंनी हातानं त्याला गप केलं. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"का टाकला?" त्यांनी विचारलं.

"यादी कमी पडत होती."

"मंग? पडू द्यायची. तुला काय मिळालं टाकून?"

त्या खरंच विचारत होत्या. टोमणा नव्हता. भावाच्या मरणाची वरात झाली, दोन घंटे स्टेशनावर बसावं लागलं, सुनेला आठवडाभर बाहेर बसवलं, एवढं सगळं ज्याच्यासाठी झालं ते काय होतं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

"शनिवारी यादी पूर्ण झाली," मी म्हणाले.

आत्याबाईंनी मान हलवली, जसं काही त्यांना एखाद्या दूरच्या गावाचं नाव सांगितलं होतं. मग त्या उंबऱ्याकडं वळून ताईला म्हणाल्या, "ऊठ बाई. भात लाव. जल्दी कर, ऊन चढून राह्यलं."

ताई उठली. चुलतीनं तांदळाचं ताट तिच्यापुढं सरकवलं. माझ्या शेजारून आत जाताना तिचा पदर माझ्या हाताला लागला, पण तिनं वर पाहिलं नाही.

लेखी तक्रार कुणी केली नाही. त्या घरच्यांना तसं सुचलंही नसेल. माझी नोकरी राहिली. त्या महिन्यात माझा जिल्हा पहिला आला आणि पुण्याहून मला फ्रेम केलेलं सर्टिफिकेट आलं. ते मी भिंतीला लावलं नाही, वडिलांनीही विचारलं नाही. पुढं मी कंपनी बदलली, आणखी वर गेले, पुण्याला गेले, होकार न घेता नंबर टाकणाऱ्या दोघांना मीच घरी बसवलं. तेव्हा 'तुम्ही कधी टाकला नाही का?' असं मला कुणी विचारलं असतं तर मी काय सांगणार होते, देव जाणे.

ताई माझ्यावर रागावली नाही. वर्षभरानं तिनं क्लास काढला, ओसरीतच. आत्याबाईंनीच दाजींना तसं करायला सांगितलं, असं म्हणतात. मी गेले की ती मला जेवू घालते, जाताना पिशवीत शेंगा भरते. फक्त आबांच्या वर्षश्राद्धानंतर तिनं आपला मोबाईल नंबर बदलला. नवा नंबर वडिलांकडं आहे, शेजारच्या काकूंकडं आहे, क्लासच्या सगळ्या पोरींकडं आहे.

मी एकदाच मागितला. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "यांचा हाय की तुझ्याकडं."